पक्ष्यांचं डोकं कुणीकडे

टाकेमावशीला इस्पितळात कुणी खऱ्या नावाने हाक मारली असेल तर ती पगाराच्या दिवशीच. तिची सगळी नोकरी कपडेखोलीत गेली. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, काजं तुटलेले पडदे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. वॉर्डातली माणसं म्हणायची, डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि मावशी चादरींना, फरक इतकाच की मावशीचे टाके कधी पिकत नाहीत. हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की विनोद करणाऱ्याच्या आधी ती हसून मोकळी व्हायची.

कपडेखोलीची एक रीत होती. तिथे कापड कात्रीने कापत नसत, फाडत असत. काठाला बारीकशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं, की कापड आपल्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. पट्टी नको, खडू नको. मावशीला चौकोन हवा असला की ती चारदा टर्र करायची आणि चौकोन हजर. त्यामुळे निवृत्त झाल्यावर नातीसाठी तुकड्यांची गोधडी करायचं तिने मनावर घेतलं तेव्हा तिला वाटलं, त्यात काय मोठंसं! पण त्या नमुन्यात निम्मे त्रिकोण होते, आणि त्रिकोण काही केल्या फाडता येत नाही. तिरकं फाडायला जावं तर कापड आपल्याच मर्जीने भलतीकडे जातं. कात्रीने कापावं तर तिरकी कड सैल पडते, शिवताना ताणली जाते, आणि शेवटी एक टोक मांजराच्या कानासारखं बाहेर डोकावत राहतं. मावशीने पहिल्या आठवड्यात इतके त्रिकोण वाया घालवले की कोपऱ्यावरचा शिंपी, जो तिला कात्रणं द्यायचा, तो विचारायला लागला, "मावशी, गोधडी करताय की उशी भरताय?"

हळूहळू जमलं. गोधडी ब्लॉकची होती. एकेक ब्लॉक वीतभर, चौरस. त्याच्या वरच्या अर्ध्यात दोन पक्षी: प्रत्येक पक्षी म्हणजे मधे एक मोठा त्रिकोण, टोक वर, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांशी दोन छोटे त्रिकोण. खालच्या अर्ध्यात चार चौकोन, म्हणजे जमीन. वर पक्षी, खाली जमीन, इतकं साधं. तयार ब्लॉक ती बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर ओळीने मांडून ठेवायची, रंग एकमेकांशेजारी कसे दिसतात ते बघायची, आणि मनासारखी जमली की एकेक ओळ जोडायला घ्यायची.

टेबल नवऱ्याचं. तो छापखान्यात कंपोझिटर होता, शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून ओळी लावणारा. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने कुणाला काय हवं ते न्या म्हटलं, आणि बाकीच्यांनी खुर्च्या, पंखे नेले असताना या गृहस्थाने दरवाजातून आत न येणारं टेबल आणलं. पाय कापून आत घ्यावं लागलं, आत आल्यावर पाय पुन्हा ठोकावे लागले. मावशी त्यावरून त्याला आजही बोलते. गल्लीतल्या मुलांमध्ये मात्र त्याची वट होती, कारण समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं मासिक तो उलट्या बाजूने घडाघडा वाचून दाखवायचा.

आता ही गोधडी एवढी महत्त्वाची का, तर लेकीची बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. ठरलं असं होतं की लेक कामावर जाताना सकाळी बाळाला आणून सोडेल आणि संध्याकाळी घेऊन जाईल, आणि दिवसभर बाळ मावशीचं. नात जन्मल्यापासून मावशी या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. गोधडी त्या दिवसासाठीच होती.

आणि नेमके तेव्हाच पक्षी उलटे व्हायला लागले.

पहिल्या दिवशी तिला हसू आलं. दुपारी आतल्या खोलीत जरा पडून ती बाहेर आली, तर टेबलावरचे सगळे ब्लॉक उलटे. वर जमीन, आणि खाली पक्षी नाक खुपसून बसलेले. "काय डोकं आहे माझं," म्हणून तिने सगळे फिरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी निम्मेच उलटे होते, आणि ते जास्त वाईट होतं, कारण सगळे उलटे असते तर वाऱ्याने झालं असं तरी म्हणता आलं असतं. खरं म्हणजे वारा काय ब्लॉक उचलून पुन्हा ओळीत मांडणार आहे? पण घाबरलेलं माणूस वाऱ्यावरही भरवसा ठेवतं.

मग एकदा तिने मांडलेली ओळ तशीच उचलली आणि न बघता जोडून टाकली. इतकी वर्षं ती न बघताच शिवत आली होती. इस्त्री करताना पाहिलं तर सगळी ओळ डोक्यावर उभी. तिने पुन्हा उसवायला घेतली. उसवता उसवता तिला आई आठवली.

कारण तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी स्वेटर उलटा, मग पायातल्या चपला उलट्या, मग घड्याळ भिंतीला उलटं. घरातले हसायचे. पुढे आई घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायची, आणि एके दिवशी तिने मावशीला दारात बघून अगदी आदराने विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" मावशीला ते वाक्य पाठ होतं. ते विसरायला झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला खूपदा वाटायचं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही. तो बिचारा अलीकडे उगाचच चांगला वागत होता. आपणहून चहा करायचा. दुपार झाली की म्हणायचा, "तू दमतेस, पड जरा." लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या वर्षांत या माणसाला बायको दमते हे कधी दिसलं नव्हतं. मावशी आतमध्ये पडून छताकडे बघत विचार करायची की याला कळलंय का? आणि कळलं असेल तर हा बोलत का नाही? आणि कळलं नसेल तर हा एवढा चहा का करतोय?

ती स्वतःची परीक्षा घ्यायला लागली. सकाळी उठल्याबरोबर वार आठवायचा. शेजाऱ्यांची, दुकानदारांची, कपडेखोलीतल्या जुन्या मुकादमाची नावं मनातल्या मनात म्हणायची. सगळं आठवायचं. मग बाहेर यायची तर पक्षी उलटे. एकदा ब्लॉकच्या पाठीवर खडूने बाण काढून ठेवला. दुपारनंतर बाण खाली बघत होता, आणि बाण आपण काढला तो वरच काढला होता का, याचीच तिला खात्री वाटेना. तिने खडू डब्यात ठेवून दिला.

शेवटी बाळाचा विचार तिला सहन होईना. गॅस चालू राहिला तर? दार उघडं राहिलं तर? आंघोळीच्या टबात बाळ ठेवून आपण टॉवेल आणायला गेलो आणि टॉवेल कशाला हवा होता तेच विसरलो तर? तिने लेकीला फोन लावला आणि आधी ठरवून ठेवलेलं खोटं बोलून टाकलं.

"अगं, माझ्याच्याने नाही व्हायचं बघ. गुडघे धरलेत. बाळामागे दिवसभर उठबस होणार नाही."

तिला वाटलं होतं, लेक भांडेल. रुसेल, रडेल, आता ऐन वेळी मी कुठे जाऊ म्हणून आकांत करेल. लेक म्हणाली, "बरं आई. असू दे. तू आराम कर."

इतकंच! मावशी फोन हातात धरून कितीतरी वेळ बसली. भांडण झालं असतं तर तिला सोसलं असतं. इतक्या सहज सुटका झाल्यावर तिला काय करावं तेच कळेना. आपण नकोच होतो की काय?

त्यानंतर दोन-तीन दुपारींनी ती आत पडली आणि लक्षात आलं की चष्मा बाहेरच राहिला. ती अनवाणीच उठून आली आणि दारातच थांबली.

कंपोझिटर बनियनवर टेबलाशी उभा होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो एकेक ब्लॉक उचलत होता, अर्धा फिरवत होता, पुन्हा जागेवर ठेवत होता आणि तळहाताने हलकेच थोपटत होता. एक झाला की पुढचा. जीभ दातांत धरलेली.

मावशीला पहिला विचार काय यावा? मला नाही, यालाच झालंय. आनंद व्हावा की रडू यावं हे ठरवायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, काय करताय?"

साखरेच्या डब्यात हात सापडावा तसा तो दचकला. "काही नाही. बघत होतो."

"हातांनी बघताय?"

"तू रागवू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याकडून उलटं होतं गं हल्ली. होतं माणसाचं. मी आपलं सुलटं करून ठेवतो, बस. तू उठायच्या आत. एकदा तर निम्मेच झाले, तू लवकर उठलीस."

"सुलटं?" मावशी टेबलाजवळ आली. "हे सुलटं? पक्षी मातीत तोंड घालून बसलेत, हे सुलटं?"

"मग? डोकी इकडे." त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"पोटाकडे का?"

"ओळीचं डोकं पोटाकडेच असतं." हे तो सूर्य कुठे उगवतो ते सांगावं तसं म्हणाला. आणि मग थांबला. हातातल्या ब्लॉककडे बघत राहिला.

खिळे जुळवताना सगळी ओळ उलटीच लावायची असते. अक्षरांची डोकी जुळवणाऱ्याच्या पोटाकडे, पाय पलीकडे. जन्मभर या माणसाने टेबलाशी उभं राहून प्रत्येक ओळ तशीच लावली, तशीच वाचली, आणि तशी नसली तर चूक म्हणून सुधारली. टेबल तेच, उभं राहायची जागा तीच. त्यावर ओळीने मांडलेले ब्लॉक दिसले आणि हात आपले कामाला लागले. आणि रोज बघावं तर बायकोने सगळं पुन्हा उलटं केलेलं! त्याने बापड्याने सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं होतं. त्याने जो अर्थ काढायचा तो काढला.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही?" त्याने विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला झालंय."

"मला कशाने होईल?"

"तुम्ही आरसा उलटा धरून दाढी करणारे, तुम्हाला न व्हायला काय झालं!" असं म्हणून मावशी जी हसायला लागली ती खुर्चीत बसेपर्यंत रडत होती. महिनाभराची भीती नाकाडोळ्यांतून बाहेर आली. तो शेजारी उभा राहून तिचा खांदा थोपटत होता, ब्लॉक थोपटत होता तसाच.

"तोंड नव्हतं तुम्हाला? विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना, की मला कळलंय."

तिने डोळे पुसले, आणि काहीतरी आठवून कपाटातून एक ब्लॉक काढला. तो तिने लपवूनच ठेवला होता. त्यातला एक पक्षी कापडाची उलटी बाजू वर करून शिवलेला होता, फिकट, धुवून रंग गेल्यासारखा. "हाही तुमचाच उद्योग ना?"

त्याने तो चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिला. "मी फक्त फिरवले गं. सुई कुठे घेऊ मी हातात?"

"मग घाईत झाला असेल."

"हो. घाईतच."

दोघांनी त्या फिकट पक्ष्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मावशी उठली आणि तिने लेकीला फोन लावला. आनंदात माणूस शब्दांचा हिशेब ठेवत नाही.

"अगं, ऐक, गुडघ्यांचं खोटं होतं. आण बाळाला सोमवारपासून. पक्षी उलटे होत होते ना, ते तुझे बाबा करत होते. म्हणजे मी सुलटे करत होते आणि ते उलटे, पण त्यांना वाटायचं मी उलटे करते आणि ते सुलटे. डोकं पोटाकडे असतं ना त्यांच्यात..."

बोलता बोलताच मावशीला स्वतःचं बोलणं ऐकू यायला लागलं. जितकं समजावून सांगावं तितकं ते जास्त भलतंच होत होतं.

"बरं, आई," लेक म्हणाली. "छान झालं. आपण बोलू हं सावकाश. बाबा आहेत का जवळ?"

तो आवाज मावशीने ओळखला. मऊ, सावकाश, एकेक शब्द पुढ्यात ठेवल्यासारखा. ती स्वतः आपल्या आईशी शेवटी शेवटी याच आवाजात बोलायची. तिने फोन नवऱ्याकडे दिला.

तो गॅलरीत जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याने मागेच लेकीला सगळं सांगून ठेवलं होतं. आईचं आजीसारखं व्हायला लागलंय, बाळाचं काहीतरी दुसरं बघ, पण तिला दुखवू नकोस, तीच नाही म्हणेल तोवर थांब. लेक थांबली होती. पाळणाघरात नाव घालून झालं होतं.

"मग आता सांगितलंत ना, चूक तुमची होती म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईला सांभाळून घेता ते मला माहीत आहे."

मावशीला संताप आला. नवऱ्याचा, लेकीचा, त्या टेबलाचा. महिनाभर तिने स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता, आता ठेवायला लागली तर बाकी कुणी ठेवायला तयार नव्हतं. आणि भांडावं तरी कुणाशी? जो तो तिच्यावरच्या मायेने वागलेला. मायेने वागलेल्या माणसांना जाब कसा विचारायचा ते तिला सुचेना.

रविवारी लेक बाळाला घेऊन आली. मावशीने शहाण्यासारखं वागायचं पक्कं ठरवलं होतं, आणि असं ठरवलं की माणसाच्या हातून हमखास वेड्यासारखं वागणं होतं. लेक दारात आली तेव्हा ती म्हणाली, "ये, आज रविवार ना." चहा देताना म्हणाली, "साखर घातलीय बरं का." स्वयंपाकघरातून येताना म्हणाली, "गॅस बंद केलाय." लेक प्रत्येक वेळी बरं म्हणत होती आणि प्रत्येक वेळी बापाकडे बघत होती.

कंपोझिटरने प्रात्यक्षिकाची तयारी केली होती. लेकीला टेबलापाशी उभं करून त्याने एकेक ब्लॉक फिरवून दाखवला, डोकी पोटाकडे, पाय पलीकडे, छापखान्यातली सगळी कथा सांगितली. लेक ऐकता ऐकता हसायला लागली. खरंखुरं हसली, लहानपणी हसायची तशी, खांदे उडवत. "बाबा, तुम्ही म्हणजे ना! आणि आई, तू महिनाभर गप्प बसलीस?" मावशीच्या जिवात जीव आला. ती पण हसली. कंपोझिटरला अपमान झाल्यासारखं वाटलं, पण तोही हसला.

हसता हसता लेकीने टेबलाच्या कडेला पडलेला एक ब्लॉक उचलला. "हा बघा, हा पण... नाही, हा उलटा शिवलाय का?" तिचं बोट फिकट पक्ष्यावर होतं.

कंपोझिटरने तोंड उघडलं. तो आता काय करणार ते मावशीला दिसलं. हा आळ तो स्वतःवर घेणार होता. सुई म्हणजे काय ते माहीत नसलेला माणूस.

"तो मी शिवला," मावशी म्हणाली. "चुकून. कशी चूक झाली मला माहीत नाही. आधी कधी झाली नव्हती."

लेकीने ब्लॉक खाली ठेवला. बाळ कुरकुरायला लागलं होतं. लेकीने बाळाला उचललं, जरा घोटाळली, आणि मग आईजवळ आली.

"घेतेस?"

मावशीने हात पुढे केले. बाळाचं ऊबदार, दुधट वासाचं ओझं तिच्या हातांवर आलं, पण अर्धंच आलं. लेकीचे दोन्ही हात अजून खालीच होते.

दोघी तशाच उभ्या राहिल्या, चार हातांवर एक बाळ घेऊन.

"हात काढ," मावशी म्हणाली.

लेकीने बापाकडे पाहिलं. तो बायकोकडे बघत होता, लेकीकडे बघत होता, टेबलाकडे बघत होता.

"अगं, काढ," तो शेवटी म्हणाला.

लेकीने एक हात काढला.